गोळी खोटं बोलत नाही

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, पॉलिशवाले. लाकडाला पॉलिश, तेही जुन्या पद्धतीचं. स्पिरिटमध्ये चपडा, म्हणजे शुद्ध केलेली लाख, विरघळवायचा, फडक्यात बांधलेली कापसाची पुरचुंडी त्यात बुडवायची आणि लाकडावरून फिरवत राहायचं. हात थांबला की डाग पडलाच. एकावर एक असे आठ-दहा हात दिले की कपाटाच्या दारात आपलं तोंड दिसायला लागतं. भावोजींचे पंजे मनगटापर्यंत तपकिरी झालेले, साबणाला दाद न देणारे. माझी भाची लहानपणी म्हणायची, आमचे बाबा हातमोजे घालून जेवतात.

पॉलिश ओलं असताना खिडक्या उघड्या ठेवता येत नाहीत. वाऱ्यानं धूळ येते, ओल्या थरावर बसते, मग सगळं खरवडून पुन्हा पहिल्यापासून. म्हणून भावोजी दिवस दिवस बंद खोलीत त्या वासात बसलेले असायचे. संध्याकाळी घरी आले की कपड्यांना, केसांना, बोटांना तोच वास. आता असा माणूस येताना कुठे पेला रिकामा करून आला की नाही, हे बायकोनं ओळखायचं कसं? ताई म्हणायची, लोकांच्या बायका नवऱ्याचं तोंड हुंगून सांगतात, मी या माणसाला डोक्यापासून पायापर्यंत हुंगलं तरी मला काही कळायचं नाही.

आणि भावोजी प्यायचे. खोटं कशाला बोलू, चांगलं वीस वर्षं प्यायले. मारझोड नाही, शिवीगाळ नाही, त्यांची दारू रडकी होती. पोटात गेली की जो समोर असेल त्याची माफी मागत सुटायचे. भाची सहावीत असताना शाळेत पालकांना बोलावलं होतं, तिथे हे तसेच गेले. बाईंसमोर, सगळ्या पालकांसमोर रडले, माझ्या पोरीला बाप चांगला मिळाला नाही म्हणाले. पोर कोपऱ्यात उभी राहून ऐकत होती. त्यानंतर तिनं शाळेचा एकही कागद त्यांच्यापुढे सहीला ठेवला नाही. मामाची सही चालवायची, म्हणजे माझी.

दारू सोडण्यात मात्र त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. दर दोन महिन्यांनी सोडायचे. ताईनं पहिल्या दोन-तीन वेळी आनंदानं घरभर सांगितलं, पुढे सांगणं बंद केलं.

मग भाचीचं दहावीचं वर्ष आलं. एके दिवशी ती भावोजींना म्हणाली की तुम्ही घेऊन आलात की माझ्या डोक्यात काही शिरत नाही, नुसती तुमच्या पायांचा आवाज ऐकत बसते. एवढंच म्हणाली. भावोजींनी त्या दिवसापासून बंद केली. या वेळी खरंच बंद केली. हे मला आज माहीत आहे. तेव्हा आम्हा शहाण्यांपैकी कुणाला खरं वाटलं नाही, एका पोरीला सोडून.

ती त्यांना इतिहासाचं पुस्तक धरायला द्यायला लागली. भावोजी सातवीपर्यंत शिकलेले. अडखळत एकेक प्रश्न वाचायचे, ती उत्तर द्यायची. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना पुस्तकात सापडेपर्यंत ती पुढच्या प्रश्नाला पोचलेली असायची. रोज संध्याकाळी सात ते आठ. पाच वर्षांत या बापलेकीत एवढं बोलणं झालं नव्हतं. भावोजी घाईघाईनं घरी यायचे, कारण सातला पुस्तक धरायचं असायचं.

आणि ताई? तिला झोप येईना. पाच आठवडे झाले, आता कुठल्याही दिवशी पुन्हा सुरू होईल, आणि या खेपेला पोर मोडेल, हेच तिच्या डोक्यात. दुधानं तोंड पोळलेलं, ताकही फुंकून पिणार. ती माझ्या काउंटरवर आली.

मी औषधांच्या दुकानात वीस वर्षं. भिंतीवरच्या चौकटीतलं प्रमाणपत्र मालकांचं, माझं नाही. मी बारावी नापास. पण गिऱ्हाईक मालकांना सोडून मला विचारायचं, आणि मी सांगायचो. कुठली गोळी कुठल्या खणात, हे डोळे मिटून सांगावं, आणि कशावर काय द्यायचं तेही, कुणी विचारो न विचारो. भावोजी मला चेष्टेनं डॉक्टर म्हणायचे. वरवर मी चिडायचो, आतून सुखावायचो. मला ठाऊक आहे म्हणजे ठाऊक आहे, असा माझा स्वभाव. त्यात डोकं तापायला काडीही लागत नाही.

दारू सोडवायची एक गोळी येते, डायसल्फिराम. डॉक्टर लिहून देतात, माणसाला समोर बसवून, त्याला पटवून. ती पोटात असताना दारू घेतली की तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, डोकं फुटतं, ओकाऱ्या होतात. माणसाला धाक बसतो. एवढं मला माहीत होतं. एवढंच माहीत होतं. मी डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ती गोळी काढली, पट्टी तोडून ताईच्या हातात दिली. खोक्यातला घडी घातलेला माहितीचा कागद खोक्यातच राहिला. ताईला म्हटलं, अर्धी गोळी कुटून सकाळच्या चहात घाल, साखर जरा जास्त टाक, त्यांना कळायचं नाही.

तिनं विचारलं, काही होणार तर नाही ना?

"प्यायले नाहीत तर काही होणार नाही," मी म्हटलं. "आणि प्यायले तर त्याच दिवशी तुला समजेल. माणूस खोटं बोलेल ताई, गोळी खोटं बोलत नाही."

या वाक्याचा मला फार अभिमान वाटला होता. दुकानात दोन-तीन जणांना मी ते ऐकवलंही.

आठ दिवस काही झालं नाही. भावोजींनी तेव्हा एका वकिलाच्या ऑफिसचं काम घेतलं होतं. चारही भिंतींना लाकडी फळ्या आणि मधोमध वीस माणसांचं टेबल. पहिला आठवडा जुना थर खरवडण्यात, भोकं बुजवण्यात, पॉलिशपेपर मारण्यात गेला. ते सगळं कोरडं काम. ताईचा जीव भांड्यात पडला. मीही म्हटलं, बघ, या वेळी मनावर घेतलेलं दिसतंय.

सोमवारी त्यांनी स्पिरिट काढलं. पहिला हात. खिडक्या बंद.

संध्याकाळी आले ते चेहरा तांबडालाल, डोळे रक्त उतरल्यासारखे, छातीवर हात. न्हाणीघरात जाऊन ओकले. सातला पुस्तक धरायला बसले, पण अक्षरं हलताहेत म्हणाले. भाचीनं त्यांच्याकडे पाहिलं, पुस्तक त्यांच्या हातातून काढून घेतलं आणि आत गेली. ताईनं मला फोन केला. रडत होती, आणि रडताना म्हणाली की तुझी गोळी खरी निघाली.

मंगळवारी तेच. बुधवारीही. बुधवारी मी गेलो, दुकानातून थेट. ताई मागून नको नको म्हणत होती, पण मी ऐकतोय कशाला. भावोजी खाटेवर पडले होते. मी त्यांना पोरीसमोर झाडलं. लाज कशी वाटत नाही, दहावीचं वर्ष आहे तिचं, तुम्हाला बाप म्हणवून घ्यायचा काय अधिकार. माझ्या घरात माझ्याहून मोठ्या माणसाशी असं कुणी बोललं नसेल. ते उठून बसले.

"मी घेतली नाही रे," ते म्हणाले. "पोरीची शपथ."

"पोरीची खोटी शपथ घेता?" मी म्हटलं. "तुमचं तोंड आरशात बघा. अंगच सांगतंय."

 त्यांनी हातानं गाल चाचपून पाहिले. भाची दारात उभी होती, ती निघून गेली. तिनं त्या दिवसापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. जेवण पुढे ठेवायची, पाणी द्यायची, पण तोंडातून शब्द नाही.

आता जे सांगतो ते सांगायला मला अजूनही जड जातं. शुक्रवारी भावोजी दुपारीच माझ्या दुकानात आले. गिऱ्हाईक निघून जाईपर्यंत बाजूला थांबले. मग काउंटरवर वाकून हळू आवाजात विचारलं, डॉक्टर, असा कुठला आजार असतो का रे, की ज्यात माणूस न पिता प्यायल्यासारखा दिसतो? लाल होतो, धडधडतं, मळमळतं. सकाळी बरं असतं, दुपारपासून चढायला लागतं. डॉक्टर या शब्दात त्या दिवशी चेष्टा नव्हती. ते खरोखर विचारायला आले होते, दुसरं कुणी नाही म्हणून माझ्याकडे आले होते.

मला उत्तर माहीत होतं. त्यांच्या पोटात काय आहे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, त्यातला एक मी. आणि मला काय वाटलं असेल? मला वाटलं, काय बेरकी माणूस आहे. चोराच्या उलट्या बोंबा, आता आजाराचं सोंग आणतोय. मी त्यांना पित्ताच्या दोन गोळ्या काढून दिल्या आणि म्हटलं, खाई त्याला खवखवे. ते खाली मान घालून गेले. ते वळल्यावर मी ताईला फोन लावला आणि सांगितलं की अर्धीनं भागत नाही, सोमवारपासून अख्खी घाल.

रविवारी ते घरी होते, एकदम ठणठणीत. ताई म्हणाली, बघ, डोळ्यांसमोर असतात म्हणून आज नाही घेतली. मला ते इतकं पटलं. म्हटलं, हातच्या कांकणाला आरसा कशाला. त्या संध्याकाळी पुस्तक पुन्हा बाहेर आलं होतं, बापलेक पुन्हा बोलत होते, असंही ताईनं सांगितलं. का ते तिला माहीत नव्हतं. आम्ही म्हटलं, पोर मायाळू आहे, विरघळली असेल. सोमवारी चहात अख्खी गोळी गेली, संध्याकाळी भावोजी भिंत धरत घरी आले, आणि पोरीनं पुस्तक दप्तरात घालून चेन ओढली.

मंगळवारी दुपारी तीनला ताईचा फोन आला. भावोजी काम करता करता कोसळले होते. टेबलाच्या खाली सापडले. मी पोचलो तेव्हा हॉस्पिटलात त्यांना तपासणीच्या खोलीत घेतलं होतं, खोलीभर स्पिरिटचा वास. एक तरुण डॉक्टरीण रक्तदाब बघत होती. तिनं ताईला विचारलं, दारू घेतात का? ताई म्हणाली, हो. आज घेतलीय? घेतलीच असणार, ताई म्हणाली. डॉक्टरणीनं तसं केसपेपरवर लिहिलं. साफसफाईची बाई नाकाला पदर लावून म्हणाली की हे रोजचंच, दोन-चार तासांत उतरेल. त्यांना सलाइन लावून कोपऱ्यातल्या खाटेवर सरकवलं.

जाता जाता डॉक्टरणीनं विचारलं, कुठलं औषध चालू आहे का?

ताईनं माझ्याकडे पाहिलं. ती माझी मोठी बहीण, तिनं मला अंगाखांद्यावर खेळवलेलं, आणि ती माझ्याकडे असं बघत होती की तू म्हणशील ते मी बोलते. माझ्या डोळ्यांपुढे काय आलं? मालक. दुकान. चिठ्ठीशिवाय दिलेली गोळी. भावोजी समोर पडले होते आणि मला माझं काउंटर दिसत होतं.

मी मान हलवली. नाही म्हणून.

अर्धा तास गेला. उतरायचं सोडा, त्यांचं वाढतच गेलं. मघाशी लाल असलेला चेहरा राखेसारखा पडला, ओठ सुकले, घामानं उशी भिजली. रक्तदाब वर येईना. डॉक्टरीण दोनदा येऊन बघून गेली, तिच्या कपाळावर आठ्या. तेवढ्यात वकिलाच्या ऑफिसातला सुतार आला, भावोजींच्या चपला आणि डबा घेऊन. ताईनं त्याला विचारलं की कुठे बसून प्यायले. 

"वहिनी, सकाळी नऊपासून मी त्यांच्याजवळ आहे," तो म्हणाला. "आम्ही एका डब्यात जेवलो. पाण्याशिवाय काही घेतलं नाही त्यांनी. दोन आठवड्यांत घेतलेली नाही. सारखं गरगरतंय म्हणत होते, मी म्हटलं खिडकी उघडू या, तर म्हणाले नको, टेबलावर धूळ बसेल."

बंद खिडकी. स्पिरिट. सोमवार ते शनिवार लाल, रविवारी ठणठणीत. कोरड्या कामाच्या आठवड्यात काहीच नाही. सगळं माझ्या नाकासमोर होतं आणि मी वीस वर्षांचा औषधवाला ते बघू शकलो नव्हतो, कारण मला बघायचंच नव्हतं. मी धावत डॉक्टरणीकडे गेलो. सांगताना माझी जीभ अडखळली, तिनं गोळीचं नाव दोनदा विचारलं.

"काम काय करतात हे?" तिनं विचारलं.

लाकडाला पॉलिश, मी म्हटलं. स्पिरिटचं.

तिनं भावोजींचा तो तपकिरी हात उचलला, नाकाजवळ नेला आणि लगेच खाली ठेवला. मग सगळी धावपळ सुरू झाली. ऑक्सिजन आला, पाय उंच केले, दुसरी सलाइन लागली, मोठ्या डॉक्टरांना बोलावलं, अंगावरचे कपडे काढून हात-तोंड पुसून घेतलं. त्या गडबडीतही तिनं मला जे सांगायचं ते सांगितलं. स्पिरिट म्हणजे दारूतलंच अल्कोहोल. दारू अंगात जिरताना वाटेत तिचं एक विष तयार होतं, एरवी शरीर ते मोडून टाकतं. ही गोळी ते मोडणंच बंद करते. मग दारू पेल्यातून गेली, खोकल्याच्या औषधातून गेली, श्वासातून गेली की कातडीतून, शरीराला फरक पडत नाही. म्हणून हे औषध देण्याआधी माणसाचं काम विचारतात, हृदय बघतात, यकृत बघतात. गोळी थांबवली तरी दोन आठवडे तिचा असर राहतो, तेवढे दिवस त्यांनी स्पिरिटच्या जवळही जायचं नाही.

"हे औषध आपण घेतोय, हे त्यांना माहीत होतं का?" तिनं शेवटी विचारलं.

नाही, मी म्हटलं.

तिनं केसपेपरवरची आधीची ओळ खोडली आणि हे लिहून घेतलं.  

संध्याकाळपर्यंत रक्तदाब वर आला. दुसऱ्या दिवशी सकाळी भावोजी उशीला टेकून बसले होते. मी त्यांना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही, शुक्रवारी दुकानातून फोन केला तेही. ताई खाटेच्या पायथ्याशी पदर तोंडात कोंबून बसली होती. मी शिव्यांची वाट बघत होतो. त्यांनी दोन मुस्कटात दिल्या असत्या तर मी गाल पुढे केला असता. त्यांनी स्वतःचे हात उलटेसुलटे करून पाहिले.

"म्हणजे मला वेड नव्हतं लागलं," ते म्हणाले.

मग म्हणाले, हे पोरीला सांग. मी सांगून उपयोग नाही. तू सांग, तिला तुझं खरं वाटतं.

चार वाजता भाची शाळेच्या गणवेशातच आली. खांद्यावर दप्तर तसंच. मी तिच्यासमोर उभा राहिलो आणि सांगितलं. बाबा प्यायले नव्हते. एकही दिवस नाही. मी तुझ्या आईला गोळी दिली, तिनं ती चहात घातली, आणि त्यांच्या कामातल्या स्पिरिटनं ते आजारी पडत होते. बाबा खरं बोलत होते, मी तुझ्यासमोर त्यांना खोटं पाडलं. चूक माझी आहे. हे सगळं मी फरशीकडे बघून बोललो.

तिनं पूर्ण ऐकून घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही, ताईकडेही नाही. ती भावोजींकडे वळली.

"मग शनिवारी तुम्ही माझ्याजवळ येऊन, घेतली होती, असं का म्हणालात?" तिनं विचारलं. "माफी पण मागितलीत. पुन्हा घेणार नाही म्हणालात."

हे ना मला माहीत होतं, ना ताईला. माझ्या दुकानातून खाली मान घालून गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी पोरीपुढे जाऊन न घेतलेल्या दारूची माफी मागून आला होता.

भावोजींनी चादरीचा काठ मुठीत धरला.

"नाही म्हणत होतो तोवर तू बोलत नव्हतीस," ते म्हणाले. "म्हटलं, हो म्हटल्यावर तरी बोलशील."

भाचीनं दप्तर खाली ठेवलं आणि ती खाटेवर त्यांच्याजवळ चढून बसली, लहानपणी बसायची तशी, पाय वर घेऊन. भेटीची वेळ संपेपर्यंत मी तिथेच उभा होतो. शेजारी एक रिकामं स्टूल होतं. मला कुणी बस म्हणालं नाही, आणि मी बसलो नाही.